साडूंच्या अक्षरातला वाघ

चंद्रपूर जिल्ह्यात वाघापेक्षा वाघाची पाटी जास्त लोकांनी पाहिलेली आहे, आणि मूल तालुक्याच्या पट्ट्यातल्या त्या सगळ्या पाट्या माझ्या थोरल्या साडूंनी लिहिलेल्या आहेत. आपल्या भागात वाघाचा दरारा टिकून आहे तो आपल्या अक्षरामुळे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. नोकरीने ते वनमजूर. पण रुजू झाल्यावर कुणा साहेबाने त्यांच्या हाती रंगाचा डबा देऊन 'सावधान! वाघाचा वावर' एवढं लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत या गृहस्थांनी कुदळीला हात लावला नाही. गावातल्या बुद्धविहाराची पाटी त्यांनी तीनदा पुसून लिहिली, कारण 'बु'चा उकार जरा वाकला होता आणि त्यांना जेवण जात नव्हतं. त्यांच्याबरोबर मोटारसायकलवर जाणं ही शिक्षा असते. प्रत्येक पाटीपाशी गाडी थांबवून ते उतरतात, मान तिरपी करून बघतात आणि 'च्' करून परत बसतात. एकदा नात्यातल्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "हे लग्न टिकत नाई. अक्षरं पाहा कशी लोंबून राह्यली." त्या जोडप्याला आता तीन मुलं आहेत. तसं सांगितलं तर म्हणाले, "मंग त्यायनं नंतर दुसऱ्या प्रेसमदून काही छापलं असन."

मी चंद्रपुरात मोबाइलची ॲपं बनवतो. नात्यात हे कळल्यापासून माझी फुकट कामं वाढली, त्यातलंच एक साडूंच्या गावच्या वन समितीचं. वाघ कुठे दिसला हे राखणदाराने फोनमध्ये टाकायचं, की आसपासच्या गावांतले सगळे फोन वाजले पाहिजेत. सोपं काम होतं. पण पहिला नमुना दाखवायला गेलो तर साडूंनी फोन हातभर लांब धरला, जवळ आणला आणि परत माझ्या हातात दिला.

"भाऊ, हे अक्षर कंपनीवाल्याचं आहे. याच्यात वाघ लिवला त रिचार्ज संपल्यासारखा वाटते. कोन थांबन याच्यासाठी?"

मी समजावलं की प्रत्येक फोनची आपली अक्षरं असतात. दुसरी हवी असतील तर त्या अक्षरांची एक फाइल करावी लागते, तिला फॉन्ट म्हणतात, आणि ती ॲपच्या पोटात घालून सोबत पाठवावी लागते. "मंग घाला," ते म्हणाले, आणि आतून जुना ब्रश घेऊन आले. पुढचे दोन महिने ते ओसरीवर बसून बाराखडी आणि जोडाक्षरं लिहीत होते. बिनकामाची जोडाक्षरं गाळा म्हटलं तर रागावले. जंगलात केव्हा काय लिहायची पाळी येईल सांगता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. 'वाघ' हा शब्द मात्र कुठेही आला तरी बाकीच्यांपेक्षा मोठा दिसला पाहिजे अशी त्यांची अट होती, आणि ती पाळायला मला तीन रविवार लागले.

नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाने त्या कागदांची फाइल करून दिली. गावातल्या फोनांवर साडूंचं अक्षर उमटलं, तेव्हा ते स्वतःचा फोन घेऊन घरोघर हिंडून आले. मग रेंजर साहेबांना दाखवायला गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परतले. साहेबांकडे आयफोन, आणि त्यावर तीच कंपनीवाल्याची अक्षरं. "साहेबाच्या फोनले माह्यं अक्षर पटलं नाई," एवढंच बोलून ते आडवे झाले. भानगड साधी होती. एकच ॲप दोन जातींच्या फोनांवर चालवायचं, तर एक फोन फॉन्टला फाइलवरच्या नावाने हाक मारतो आणि दुसरा फाइलच्या आत लिहिलेल्या नावाने. नागपूरकराने आत भलतंच नाव ठेवलं होतं. आयफोनने हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा त्याने तक्रार न करता आपली अक्षरं लावून टाकली. घरचं नाव आणि मतदार यादीतलं नाव वेगळं असतं तसं हे, म्हटल्यावर साडू उठून बसले आणि पोहे मागितले.

खरी कुस्ती नोटिफिकेशनवरून झाली. फोन वाजतो आणि वर जी एक ओळ येते, ती ॲपच्या बाहेर असते. तिथे फोनचंच अक्षर चालतं, कुणाचाही फॉन्ट तिथे शिरत नाही. हे ऐकून साडूंनी बराच वेळ सुपारी कातरली आणि तोड काढली. बाहेरच्या ओळीत फक्त 'सूचना आहे, ॲप उघडा' एवढंच लिहायचं. वाघ आत, त्यांच्या अक्षरात. "पाटी वाचाले मानूस पाटीपरेंत येतेच ना जी?" असा त्यांचा सवाल. मी थोडा विरोध केला. फार केला नाही. ते थोरले, हे एक कारण. दुसरं असं की त्या अक्षरांपायी मीही इतका राबलो होतो की ती कुणी पाहू नयेत हे मलाही सोसवेना.

मोहफुलांचे दिवस होते. आम्ही नवराबायको त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला. साडूंनी चष्मा पुसला, ॲप उघडलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. 'वाघ. नाल्याकाठचा मोहा. आज जाऊ नका.' "पाहा," ते म्हणाले, "शिरोरेघ कशी सरळ आली." मी पाहिली. खरंच सरळ आली होती. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की ताई, म्हणजे त्यांची बायको, फटफटतानाच नाल्याकाठी मोहा वेचायला गेली आहे.

फोन लावला तर उचलेना. आम्ही काठ्या घेऊन निघालो. साडू पंचाहत्तरीकडे झुकलेले, पण मला त्यांना गाठता येत नव्हतं. वाटेत पाट्या लागल्या, त्यांनी एकीकडेही पाहिलं नाही. बांधापाशी ताई आणि शेजारच्या दोघीजणी समोरून येताना दिसल्या. टोपली अर्धीच भरलेली.

"माकडं लय ओरडून राह्यले होते जी," ताई म्हणाली. "म्हून उठलो आमी."

वानरांनी कुठलाही फॉन्ट न वापरता सूचना दिली होती.

"अन् मोबाइल? वाजला नाई काऊन?" साडूंचा आवाज चिरका झाला होता.

"वाजला ना. पायला बी. 'सूचना आहे' असं होतं. सूचना त रोजच येते. हात मोह्यानं चिकट, कोन उघडत बसते?"

साडू तिथेच बांधावर बसले. कितीतरी वेळ त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर पाण्याचा गडू तोंडाला लावायच्या आधी मला म्हणाले, "भाऊ, ते बाहीरच लिवा. वाघ आहे, कुठी आहे, जाऊ नका. सप्पा बाहीर."

"अन् तुमचं अक्षर?"

"राहू द्या अंदर. नाई त काढा."

मी त्यांच्याच खाटेवर बसून ते बदललं. काम पाच मिनिटांचं होतं. ते पाच मिनिटांचंच होतं याची मला अजून लाज वाटते.

आता सगळं बाहेरच्या ओळीत येतं, त्यामुळे ॲप कुणी उघडत नाही. साडूंची सगळी जोडाक्षरं पंचक्रोशीतल्या प्रत्येक फोनच्या पोटात आहेत आणि ती कुणी पाहत नाही. मी फॉन्ट काढला नाही, ते त्यांनाही माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही. परवा गेलो होतो, तेव्हा सकाळी फोन वाजला. ताईने हात न लावता दुरूनच ओळ वाचली, "आज नाई जात व मी," असं कुंपणापलीकडे शेजारणीला ओरडून सांगितलं आणि चुलीकडे गेली. साडूंनी फोन उचलून हातभर लांब धरला.

"वाघ कसा बकरीवानी दिसून राह्यला," ते म्हणाले. मग आत भांडं वाजलं. त्यांनी वळून चुलीकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि फोन पालथा ठेवला.