बुटकीची वैरण

इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकखाली गवत कापणारी माणसं आली की बाबा खिडकीशी जाऊन उभे राहायचे. मशीन थांबायचं, हिरवंगार गवत काळ्या पिशव्यांत कोंबलं जायचं आणि इकडे त्यांचा जीव तुटायचा. "अगं, एवढी वैरण फेकून देतात? आणि गाय एक दिसेना!" माझी लेक म्हणायची, "नो काऊ हिअर लाह, आजोबा." "मग गवत कशाला वाढवता?" बाबा विचारायचे.

आई गेल्यावर दादानेच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडचा गोठा तोच बघायचा. बाबा आठवडाभर मजेत होते. मग एकदा फोनवर दादा सहज बोलून गेला की मोठ्या संकरित गाई घेतोय आणि बुटकी विकायला काढलीये. झालं! बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

बुटकी म्हणजे आमची गावठी तांबडी गाय, उंचीला जेमतेम माझ्या कमरेएवढी. तिची धार बाबाच काढायचे. धार काढून उठले की ती त्यांची टोपी चाटायची, आणि ते रोज तिच्यावर ओरडायचे, आणि रोज टोपी तिच्यापुढे न्यायचे. काय सांगू, असली लाडावलेली गाय मी दुसरी पाहिली नाही.

मी तेव्हा बँकेत होते. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांना कर्ज द्यायचं की नाही, ते आम्ही ठरवायचो. घरी मी नुसतं 'शेतीची कर्जं' एवढंच सांगितलेलं. एका रविवारी टेबलावर लॅपटॉप उघडा राहिला आणि बाबांना पडद्यावर एक धिप्पाड गाय दिसली.

"दूध किती देते?"

"बाबा, या दुधाच्या नाहीत. मांसासाठी पाळतात."

ते उठून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत खोलीतच बसले. चहाचा कप हातात घेतल्यावर मात्र हळूच म्हणाले, "खाते किती?"

मला हसूच फुटलं. मी म्हटलं, अहो, तिथेही हाच वाद चालतो. प्रत्येकाला मोठी गाय हवी असते. पण तेवढं मोठं अंग वर्षभर पोसावं लागतं, आणि वासरू काही त्या मानाने मोठं होत नाही. जिथे चारा बेताचा, तिथे आटोपशीर गाय दरवर्षी व्याली तर मालकाच्या हातात जास्त उरतं.

बाबांचे डोळे असे चमकले! "हे दादाला सांग. आत्ताच्या आत्ता!"

मी फोन स्पीकरवर टाकला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डोंबल! खाटकाचे हिशोब माझ्या दुधाला लावतेस होय? मला डेअरीला दूध घालायचंय, वासरं नाही." बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या जिभेवर खोटं येईना. "बाबा, दुधापुरतं दादाचं बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी टोपी घातली आणि लिफ्टने खाली गेले. मी मागोमाग गेले तर बाकावर बसलेले, चपलांना कापलेलं गवत चिकटलेलं.

"तो हिशोबात चुकायचा नाही गं," ते म्हणाले. "पण त्या धिप्पाड गाई मला आवरायच्या नाहीत. एक हिसडा बसला की मी आडवा. मग पहाटे उठून गोठ्यात जायचं कशाला? घरात तुझी आई नाही, गोठ्यात बुटकी नाही. सकाळ कशी काढू मी?"

मला रडू आलं आणि मी तिथेच रडले. भाजीची ट्रॉली ओढत चाललेल्या शेजारच्या आंटी थांबून बघत राहिल्या.

लिफ्टपाशी उभी राहून मी दादाला पुन्हा फोन केला. या वेळी चारा नाही, वासरू नाही, बाबा जे बोलले तेवढंच सांगितलं. तो चिडूनच म्हणाला, "हे मला सांगायला त्यांना काय झालं होतं? मला वाटलं, त्यांचे कष्ट वाचतील." मोठ्या गाई त्याने आणल्याच. बुटकीचं गिऱ्हाईक मात्र परत पाठवलं.

बाबा परत गेले आणि शेवटपर्यंत तिची धार काढत राहिले.

बाबा वारले त्याच्या पुढच्या वर्षी दादाने व्हिडिओ कॉलवर गोठा दाखवला. धिप्पाड गाईंच्या रांगेत टोकाला बुटकी उभी होती. म्हातारी झालेली, आटलेली. मला बँकेची खोड, जाते थोडीच.

"दूध नाही, वासरू नाही. हिची वैरण कुणाच्या खात्यावर लिहितोस रे?"

"बाबांच्या," दादा म्हणाला, आणि पेंढी सोडायला खाली वाकला.