टेपचं दुसरं टोक

वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची नारायणगाव गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक लहान मुलीचा लाल स्वेटर आणि एक वहीत जपून ठेवलेलं द्राक्षांच्या पेटीवरचं लेबल. दोन्ही इंग्लंडहून माझ्याबरोबर आलेल्या. स्वेटर पोचवायला मी चार महिने उशीर केला होता आणि त्याची लाज वाटून शेवटी घराबाहेर पडलो होतो. माणूस पुण्यात परत आला की पुणेकरच होतो, जवळच्या गावी जायला त्याला मुहूर्त लागतो.

इंग्लंडच्या पूर्वेकडे, सपाट शेतांच्या मुलखात, फळं पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं काढली. हिवाळा सरत आला की आपल्याकडची द्राक्षं यायची. प्रत्येक पेटीवर बागेचा नंबर असतो. त्यातला एक नंबर दरवर्षी यायचा आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात जुन्नर लिहिलेलं असायचं. बाहेर हाडं गोठवणारा गारठा, आणि माझ्या हातात जुन्नरची पेटी. त्या नंबराशी माझी एकतर्फी ओळख झाली होती.

मग तिकडे ते प्रसिद्ध मतदान आलं, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. भारतीय पासपोर्ट असूनही तिथे राहणाऱ्या माणसाला मत देता येतं, हे इकडे अनेकांना खरं वाटत नाही. मी दिलं, आणि दिलं ते बाहेर पडण्याच्या बाजूने. युरोपातले लोक कमी झाले की आपल्या माणसांना दार उघडेल असं आमच्या भागात घरोघर सांगितलं जात होतं, आणि मला ते पटलं. पेन्सिलीने एक फुली मारली. बोटाला शाई लावत नाहीत तिकडे, त्यामुळे बाहेर आल्यावर काही केल्यासारखंच वाटलं नाही. पुढे माझ्या शेजारच्या टेबलांवरचे पोलंडचे, लिथुएनियाचे लोक एकेक करून घरी गेले, पॅकिंगला माणूस मिळेना, कारखाना बंद पडला आणि मीही घरी आलो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

मंचरला उतरून आधी अवसरी बुद्रुकला गेलो. स्वेटर तिथे द्यायचा होता. वैशाली नावाची या गावची मुलगी इंग्लंडमधल्या आमच्या गावात म्हाताऱ्यांच्या निवासात काम करते. इथे आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लेकीसाठी तिने तो माझ्याबरोबर दिला होता. तिचे वडील अशोकराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, फाट्यावर मला घ्यायला उभेच होते. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी वैशालीचा निळ्या गणवेशातला फोटो आणि दोन्हींना सारखाच ताजा हार. जिवंत मुलीच्या फोटोला हार बघून मी चपापलो, तर वैशालीच्या आई, म्हणजे काकू, म्हणाल्या, "आज तिचा वाढदिवस हाय ना."

दहालाच जेवायला बसवलं. मासवडी होती (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण भरून कापलेली वडी, झणझणीत रश्श्याबरोबर खातात). नाव मासवडी, पण मासा औषधालाही नाही. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा अशोकराव खूश झाले.

"वैशालीनं सांगितलंय आमाला," ते म्हणाले. "तुमी तिकडं मत दिलं व्हतं. गोरी लोकं गेली म्हणून आमच्या पोरीला जागा झाली. लई उपकार तुमचे."

मी नको नको म्हणालो, पण त्यांनी पेढा भरवलाच. आयुष्यात मला मतासाठी मिळालेली ही पहिली मिठाई. तेवढ्यात काकूंनी नातीला स्वेटर घातला. बाह्या मनगटाच्या अलीकडेच थांबल्या. चार महिन्यांत पोर वाढली होती. आईने मापाने पाठवलेला स्वेटर माझ्या कपाटात लहान झाला होता.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तिची आई आली की दुसरा आनंल."

"कधी येणार?"

"ते काय सांगता येत न्हाई. आधी म्हणत व्हते पोरीला तिकडं नेता येईल. आता नियम बदलला. ही हितंच, आन ती तिकडं."

पेढा तोंडात विरघळायला फार वेळ लागला. मला खरंच वाईट वाटलं.

दुपारच्या आत बोरी बुद्रुकला पोचायचं होतं. निर्यातदाराच्या ऑफिसातल्या एका बाईंनी लेबलावरच्या त्या नंबरावरून मला बागेच्या मालकाचं नाव काढून दिलं होतं. बबनराव. फोनवर ते फक्त "या की" एवढंच म्हणाले होते. मी मात्र गाडीतल्या गप्पांच्या नादात बोरी खुर्दला उतरलो आणि कुकडी नदी ओलांडायला चालत निघालो. वाटेत भेटलेल्या एका बाईंनी मला थांबवलं.

"पावणं, मोबाईल हाय ना? गाणी लावा मोठ्यानं. कडंला ऊस हाय."

उसात बिबट्या असतो, आणि आवाज आला की तो लांब राहतो. मी लावलेलं गाणं ऐकून त्या म्हणाल्या, "ह्याला तर तो झोपंल," आणि माझ्याबरोबर पुलापर्यंत आल्या. पुलावरून त्यांनी काठाला उघडा पडलेला पांढुरका थर दाखवला. ती राख आहे, कुठल्याशा दूरच्या बेटावर फुटलेल्या ज्वालामुखीची, असं अभ्यासक सांगतात. "लांब लांबनं लोक येत्यात बघाया," बाई म्हणाल्या. "आमाला काय, भांडी घासायला चांगली."

बबनरावांच्या बागेत पोचलो तर दोघे भाऊ बांधावर होते. पन्नाशीचे बबनराव पालथ्या क्रेटवर बसलेले, धाकटा सुरेश हातात मोजायची टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन उभा (फक्की म्हणजे जमिनीवर रेघ मारायची चुन्याची पांढरी भुकटी).

"चांगल्या दिवशी आलात," बबनराव म्हणाले. "आज वाटणी हाय आमची. टेप धरायला माणूस न्हाई. धरता का?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. टेप धरणाऱ्याला पुढे दोन्ही घरं जन्मभर बोल लावतात, म्हणून गावातलं कुणी यायला तयार नव्हतं. परका माणूस आयता मिळाला.

भांडणाचं कारण बांधावरच कळलं. पूर्वी दोन्ही बागांचा माल एकच. बोटीतून हॉलंडला उतरायचा आणि तिथून इंग्लंडलाही जायचा. इंग्लंड बाहेर पडल्यावर कागद वेगळे झाले, लेबलं वेगळी झाली. निर्यातदाराने सांगितलं, ही बाग इंग्लंडची, ती युरोपची, असं लिहून द्या. थोरल्याच्या वाट्याला इंग्लंड आलं, धाकट्याच्या वाट्याला युरोप. एका विहिरीवरच्या दोन बागा दोन मुलखांच्या झाल्या. त्याच सीझनला इंग्लंडचा कंटेनर कागदासाठी बंदरात अडकला आणि बबनरावांचा माल सडला. सुरेशचा नीट पोचला. तोवर घरात 'आपली द्राक्षं' होती, त्यानंतर 'तुझी' आणि 'माझी' झाली. आता सुरेशला वेगळं व्हायचं होतं.

ह्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याने वाटे पाडायचे, जमिनीवर, फक्कीने, सगळ्यांना दिसतील असे. जो राहतो त्याने तोवर तोंड उघडायचं नाही. मात्र वाटे पडले की आधी उचलायचं त्याने. पाडणाऱ्याला उरलेला.

मी टेपचं टोक धरलं. सुरेशने पहिली रेघ विहिरीच्या पलीकडून मारली. इकडे विहीर आणि जुनी बाग, तिकडे माळाची नवी बाग आणि पॅकिंगची शेड. मारून झाल्यावर त्याने भावाकडे पाहिलं. बबनराव नुसतेच विहिरीकडे बघत होते.

"दादा हीर उचलणार," सुरेश पुटपुटला, आणि पायाने रेघ पुसली.

दुसऱ्यांदा विहीर सामाईक ठेवली, पाण्याची पाळी बांधली. तेव्हा लक्षात आलं की एका बागेतून निघालेला क्रेट रोज दुसऱ्याच्या दारावरून न्यावा लागणार. "रोज इचारून जायचं का?" त्याने स्वतःलाच विचारलं. ती रेघही पुसली. ऊन चढत होतं. माझ्या बोटांना, बुटांना, पँटला सगळीकडे फक्की लागली होती.

तिसरी रेघ शेडमधून जायची होती. मी टेपचं टोक घेऊन आत गेलो. लांब टेबलावर बायका घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. टेबलाच्या एका बाजूला थोरली जाऊ घड साफ करत होती, समोर धाकटी तो तिच्या हातून घेऊन पेटीत लावत होती. टेप त्यांच्या मधून गेली. दोघींनी हात वर धरले आणि टेप थांबायची वाट बघू लागल्या.

"आता टेबल कापायचं का?" धाकटी म्हणाली. चिडून नाही, खरंच विचारत होती.

सुरेशने फक्कीची पिशवी खाली ठेवली. मग त्याने टेप गुंडाळायला घेतली. "राहू दे," तो म्हणाला. "ह्या सीझनला राहू दे."

कुणी कुणाला मिठी मारली नाही. बबनरावांनी क्रेट सरळ करून बायकोला चहा ठेवायला सांगितला, एवढंच. पुढच्या वर्षी सुरेश पुन्हा फक्की आणेल, असं मला आजही वाटतं.

चहा पिताना बबनरावांनी मला विचारलं, "भाऊ, तुमी तिकडं व्हता. त्यांच्यात वाटे कोणी पाडले?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "आधी बाहेर पडायचं ठरलं. वाटे नंतर पाडत बसले, कितीतरी वर्षं."

"मंग लोकांनी उचललं काय?"

अवसरीचा पेढा आठवला, आखूड पडलेला स्वेटर आठवला. एका घरी खाल्लेलं दुसऱ्या घरी लपवणं मला जमेना.

"मीही मत दिलं होतं," मी सांगून टाकलं. "बाहेर पडण्याच्या बाजूने."

सुरेशने कप खाली ठेवला. "का पण?"

"आपल्या माणसांना जागा होईल असं वाटलं होतं."

"मग झाली का?"

"एका मुलीला झाली. तिच्या लेकीला नाही."

बबनराव माझ्याकडे वळले. "म्हंजे माझा माल सडला, त्यात तुमची बी एक चिठ्ठी व्हती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी माफी मागितली. ते उठले, शेडमध्ये गेले आणि एक भरलेली पेटी घेऊन आले.

"न्या. ही तिकडंच जाणार व्हती."

मी वहीतलं जुनं लेबल काढून त्यांना दिलं. त्यांनी ते पेटीवरच्या नव्या लेबलाशेजारी धरून पाहिलं. नंबर तोच होता. जुनं लेबल त्यांनी खिशात ठेवलं.

संध्याकाळच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. मंचर गेलं, खेड गेलं. सुरेश आपल्याच रानात, आपल्याच भावासमोर, अर्धा दिवस रेघा मारत आणि पुसत होता, कारण उरलेला वाटा आपल्या पदरात पडणार हे त्याला ठाऊक होतं. मला फुली मारायला एक मिनिटही लागलं नव्हतं, आणि माझ्या फुलीतून जे उरलं ते मी कधी न पाहिलेल्या माणसांनी उचललं. तिकिटाचे पैसे द्यायला हात पुढे केला तर कंडक्टर हसला.

"काय पावणं, मतदान करून आलात का?"

माझी बोटं फक्कीने पेरापर्यंत पांढरी होती. मी हो म्हणालो.