गुलाबी रंग थांबेपर्यंत

बारावीपर्यंत मी ब्युरेट, म्हणजे प्रयोगशाळेतली तोटीची काचनळी, हातात धरली नव्हती. हे सांगताना अजूनही चुळबुळ होते. आमच्या शाळेत प्रयोग मोठ्या स्क्रीनवर व्हायचे आणि तेच मी परत फोनवर पाहायचे. घरात रेंज नसायची, म्हणून आगरदांड्याच्या जेटीवर जाऊन बसायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अडलं तर विचारणार कुणाला? वर्गात न कळलेले इलेक्ट्रॉन मला त्या बोटभर उंचीच्या हलत्या चित्रांत कळले. ती नसती तर मी सायन्स घेतलं असतं का, शंकाच आहे. म्हणून फोनला नावं ठेवायला माझी जीभ चटकन वळत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी टायट्रेशन आलं. खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि रंग बदलणारा इंडिकेटर, वर ब्युरेटमध्ये अल्कली. तोटी फिरवून अल्कली थेंबथेंब सोडायची, फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं आणि किती लागली ते वाचायचं. फोनमधल्या प्रयोगांच्या ॲपवर हे मी इतक्यांदा केलं होतं, की वाटलं, हे तरी आपल्याला येतं. मी तोटी उघडली. थेंब पडला तिथे गुलाबी ठिपका उमटला. लगेच तोटी बंद केली, आकडा लिहिला.

शेजारी उभी असलेली पाली गावची मुलगी बघत होती. "झालं पण? एवढ्यात?"

"हो. रंग आला ना."

"अगं बाई, हलव तरी तो!" तिने माझा फ्लास्क उचलून गरकन फिरवला. गुलाबी गायब. "घे, गेला तुझा रंग."

तोवर मॅडम आल्या. "हलवायचं असतं, माहीत नाही?"

"मॅडम, ॲपमध्ये तो आपोआप हलतो."

सगळी बॅच हसली. मॅडमही हसल्या, मग म्हणाल्या, "परीक्षेत नाही हो हलणार. आणि प्रॅक्टिकलमध्ये राहिलीस तर थिअरीचे मार्क वाचवणार नाहीत."

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी मी मोरीत बसून डावा हात नळावर ठेवायचे आणि उजव्या हाताने सरबताची बाटली गोल गोल फिरवायचे. मनगट अवघडायचं. डाव्या हाताकडे लक्ष दिलं की उजवा थांबायचा.

"काय गो, हाताला भूत लागलाय काय?" आई म्हणाली. "पानी सांडतंय बघ."

"अभ्यास करतेय."

"बाटल्या धुताना मी रोजच हलवते. मला कोन पास करत न्हाय."

परीक्षेला बाहेरून सर आले होते. टायट्रेशन तीनदा करायचं आणि शेवटच्या वेळचा रंग त्यांना दाखवायचा होता. मी फिरवत होते. रंग यायचा, जायचा. मग जायला वेळ लावू लागला. आणखी एक थेंब, आणि सगळा फ्लास्क अगदी फिकट गुलाबी झाला. फिरवूनही राहिला. मी तोटी बंद करून आकडा लिहिला आणि हात वर केला.

सर दुसऱ्या टेबलापाशी बोलत होते. घाबरून मी फ्लास्क फिरवतच राहिले आणि रंग विरू लागला. ॲपमधला रंग कधी विरत नाही. सर येईपर्यंत फ्लास्कमध्ये नुसतं पाणी दिसत होतं. माझा हात तोटीकडे गेला. एक थेंब टाकला असता तर रंग परत आला असता, पण आकडा चुकला असता. मी हात मागे घेतला.

"रंग कुठाय?"

"आला होता, सर. हलवल्यावरही राहिला. मग… गेला."

"मग अजून थेंब का नाही टाकलास?"

"कारण तो आला होता, सर."

सरांनी वाकून ब्युरेटची रेघ पाहिली, माझा आकडा पाहिला, सही केली. "का गेला?"

"माहीत नाही, सर."

"हं." ते पुढे गेले.

बाहेर पायऱ्यांवर मी फोन काढला. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचं आम्ल होतं, म्हणून रंग उडतो. मी फिरवत राहिले तशी आणखी हवा मिसळत गेली. किती सहज सापडलं! पण आधी मी हे शोधलंच नसतं. रंग जातो, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी दाराकडे धावले.

"काय राहिलं आत?" शिपायाने अडवलं.

"सरांना एक सांगायचं होतं."

"आता न्हाय. दुसरी बॅच बसली."

निकाल अजून लागलेला नाही. त्या दिवशी मात्र मी बराच वेळ दाराशीच घुटमळत राहिले, सर एकदा तरी इकडे बघतील म्हणून.