कोंडिरामकाकांच्या सावल्या

जेसल पार्कात आमच्या शेजारी राहणाऱ्या कोंडिराम खरातांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले. पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. बासष्टाव्या वर्षी त्यांनी चित्रकलेच्या क्लासात नाव घातलं आणि घोडबंदरच्या खाडीवरची सकाळ रंगवायला घेतली. क्लासच्या प्रदर्शनात आपलं एक चित्र लागावं, एवढीच त्यांची हाव होती.

रंगांत त्यांना कोण हरवणार? खाडीचं पाणी तर असं उतरलं होतं की बघणाऱ्यानं हात बुडवावा. तरी शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडमनी एका होडीच्या सावलीवर बोट ठेवलं.

"काका, सूर्य उजवीकडे आहे. मग झाडांच्या, होड्यांच्या सावल्याही उजवीकडेच कशा?"

काकांचा चेहरा पडला. पाटीवरच्या अक्षराला सावली द्यायची ती उजवीकडे, खालच्या अंगाला, असं उस्तादानं शिकवलेलं. ऊन कुठून येतंय हे पाटीला कोण विचारतो? हाताला तेच वळण पडलं होतं.

"रविवारपर्यंत दुरुस्त झालं तरच लावता येईल," मॅडम म्हणाल्या.

घरी वैजयंताकाकूंनी तोडगा काढला. "एवढं काय त्यात? सूर्यच उचलून डावीकडे ठेवा."

"तिकडे पश्चिम आहे. संध्याकाळ होईल ना," काका चिडले. "मला सकाळ पाहिजे."

तीन दिवस ते पहिल्या बसनं घोडबंदरला जाऊन बसले. हातात ब्रश नाही, नुसतं बघणं. सावली काळी नसते, निळसर असते, चिखलावर तिची कड विरते, हे त्यांना आता कळलं. मला सांगताना त्यांना स्वतःचाच राग येत होता. शनिवारी त्यांनी अकराच्या अकरा सावल्या खरवडून नव्यानं रंगवल्या. उजवीकडची गर्दी हटली तसं पाणीही मोकळं झालं.

रविवारी चित्र लागलं. लोक "मस्त" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. काका खट्टू झाले. तेवढ्यात खाडीकाठच्या गावातल्या चंपाबाई नातीला घेऊन आल्या आणि चित्रापुढे थांबल्या.

"बघ, सकाल हाय," त्या नातीला म्हणाल्या. "ऊन ठाण्याकडून, उगवतीकडून येतंय. अजून चढलं न्हाय."

काकांनी माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही.

"ओळखलं बाईनं," ते म्हणाले. "आता दुपार काढून बघतो."