मालेगावात, नकली रेशमाच्या खळीसाठी

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाशकात कापडाचं दुकान आहे. मालेगावचे विणकर यासीनचाचा यांना त्यांनी यंदा प्रथमच नकली रेशीम विणायला दिलं आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मागावर तुटू लागले. "लग्नाच्या साड्या वेळेत आल्या नाहीत, तर पुढचं सूत दुसऱ्याला," अण्णा म्हणाले. मी रसायनशास्त्र शिकलेली. धाग्यांना लावून पाहायला सरसाचा डबा घेऊन निघाले.

जाणार असाल तर सकाळची सर्व्हिस मोटार धरा. भाडं आधी ठरवा, डोक्याला फडकं बांधा. पिंपळगावला मोटार थांबते तेव्हाच जेवून घ्यावं. पिठलं बरं मिळतं. चांदवडच्या घाटात इंजिन तापलं, सगळे उतरलो. शेजारच्या बाईंनी डब्याकडे पाहिलं.

"तूप हाय का?"

"सरस आहे."

"मंग भाकरीवर नाय चालायचं."

विणण्याआधी धाग्याला खळ लावतात, म्हणजे तो घासून तुटत नाही. कापसाच्या धाग्यात तांदळाची खळ मुरते. नकली रेशीम गुळगुळीत. तिथे ती वरवर बसते आणि मागाच्या फणीत घासून पापुद्रे होऊन गळते. चाचांनी सुती कापडाच्या सवयीने खळ आणखी घट्ट केली होती. पापुद्रे फक्त जाड झाले.

मी सरसाचं पातळ पाणी थोड्या धाग्यांना लावलं. वाळल्यावर चाचांनी धागा नखावरून ओढला. पापुद्रा नाही.

"लावा की सगळ्या ताण्याला!" त्यांच्या पत्नी रहमतबी म्हणाल्या.

"बेटी, हा कशाचा?" चाचांनी विचारलं.

"हाडं आणि कातडं उकळून करतात."

"कोणत्या जनावराचं?"

"डब्यावर लिहिलेलं नाही."

"धुतल्यावर जाईल ना?"

हो म्हणणं सोपं होतं. "बराचसा जाईल. धाग्याला चिकटलेला अगदी पातळ थर राहू शकतो. दिसणार नाही."

"नवरी ही साडी नेसून देवापुढं बसणार. तिला काय सांगू?"

"अजी, तिला सांगायला कोण जातंय?" रहमतबी उसळल्या. "सूत बंद झालं की चुलीला काय सांगणार तुम्ही?"

चाचांनी डब्याला झाकण लावलं.

मग बाजारातून बाभळीचा डिंक आणला. नुसता डिंक वाळून तडकतो, म्हणून त्यात थोडं एरंडेल घातलं. सकाळच्या गारव्यात माग चांगला चालला. दुपारी हवा कोरडी झाली आणि धागे पुन्हा तुटू लागले, पूर्वीपेक्षा कमी. "आता गाठी मारायला तूच बस," रहमतबी म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण जेवायला वाढलं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं: डिंक लावलेले धागे दुपारच्या कोरड्या हवेत तुटतात, म्हणून निम्म्या साड्या वेळेत येतील, बाकीच्या नंतर.

"सरस होता ना जवळ?"

"होता. कशाचा आहे ते गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तुम्ही?"

अण्णांनी समोरच्या कापडाची घडी मोडून पुन्हा घातली.

धाग्यावर सरसच चांगला बसतो, हे माझं मत बदललेलं नाही. पण तो लावला असता, तर अण्णांनी गिऱ्हाइकाला काहीच सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे.

"उशीर होईल हे लग्नघरी मी जाऊन सांगतो," अण्णा म्हणाले. "आणि यासीनला कळव, सूत मिळेल. माग मात्र पहाटेच सुरू कर म्हणावं."