सगुणदादाच्या पाठीवरचं बोट

सगुणदादाला हाक मारून उपयोग नसे. मागून जाऊन त्याच्या पाठीला बोट लावायचं. मग तो सावकाश वळायचा आणि म्हणायचा, "आसंय रे, हंयसर आसंय." आपण 'आहेस का' असं विचारलेलंच नसायचं, तरी उत्तर ठरलेलं. मग तो तुमच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत राहायचा. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मिशीला भाजीपावातली भाजी लागली आहे.

गोव्यात पाळी गावाच्या बाजूच्या एका खाणीवर मी ऑफिसात कारकून होतो आणि तो क्रशरवर. खनिजाचे धोंडे फोडणाऱ्या त्या यंत्राजवळ तो पोरवयात दोडामार्गाकडून येऊन उभा राहिला, तो वीसएक वर्षं तिथंच. त्यात त्याचे कान गेले. खाणीवर हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नसे, कारण निम्म्याअधिक जणांची तीच गत होती. घरी मात्र झाकणं कठीण. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन येई. तो भोंपू आपल्याला ऐकू येत नाही हे बायकोला कळू नये म्हणून हा गृहस्थ अर्धा तास आधीच पायरीवर जाऊन बसे. पोदेर वळणावर दिसला की उठून ओरडे, "पोदेर इलो गे!" शेवंतावहिनीने तो भोंपू केव्हाच ऐकलेला असे. तीही बिचारी काही बोलत नसे.

दर काही वर्षांनी खाणीवर डॉक्टर तपासणीला येत. कॅन्टीनमधली बाकं बाजूला सारून कामगाराला भिंतीकडे तोंड करून उभं करत. डॉक्टर एका बाजूला सहा पावलांवर उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणत आणि कामगाराने ते परत म्हणायचे. त्या वेळी दुसरा कान कोणीतरी तळहाताने झाकून धरावा लागे. ते काम माझं, आणि शेवटी रजिस्टर भरण्याचंही. कान नापास झाला की माणूस क्रशरवरून घरी. पहिल्या वेळी सगुणदादाने आदल्या दिवशीच मला गाठलं. "कारकुना, पोट कानान भरणा नाय रे, हातान भरता. माका सांभाळ." मी सांभाळलं. एका हाताने त्याचा कान झाकला आणि डॉक्टरांना न दिसणाऱ्या बाजूने दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या पाठीवर टेकवलं. डॉक्टर म्हणाले चार, मी चारदा बोट दाबलं. "चार," सगुणदादा खणखणीत आवाजात म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: कान ठीक.

असं मी दर तपासणीला केलं, आणि एकट्या त्याच्यासाठी केलं असंही नाही. आपण मोठं पुण्य करतो आहोत असं मला वाटायचं. माझ्यासारख्या गाढवाला पुण्याची हौस भारी.

मग खाणी बंद झाल्या. मला डिचोलीत एका कंपनीत कंत्राटी कारकुनी मिळाली. सगुणदादा काजूच्या दिवसांत लाटंबार्श्याला बोंडू गोळा करायला जाई, एरवी मिळेल ते करी, बहुतेक दिवस काहीच नाही. अशी काही वर्षं गेली. खांदे उतरले, शर्ट अंगावर लोंबायला लागला. मग पेडण्याच्या बाजूला एका कंपनीत माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा निघाल्या. वयाची अट होती पंचेचाळीस, आणि त्याला पंचेचाळीस पुरी व्हायला तीन महिने उरले होते. मुलाखतीत पास झाला. राहिली ती मेडिकल.

मी त्याला घेऊन गेलो. बी.पी. ठीक, साखर ठीक, डोळे ठीक, छातीचा फोटो स्वच्छ. प्रत्येक खोलीतून बाहेर आला की तो माझ्याकडे बघून अंगठा वर करी. शेवटी त्याला एका काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. दार लावून घेतलं. मी काचेबाहेर. सगुणदादाने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्यावरून मागे बघितलं. मग सुरू झालं त्याचं बटण दाबणं, आपल्याच मनाने, मोजून मोजून, आवाज असो वा नसो. बाहेर यंत्रावर बसलेल्या मुलीने ते थांबवलं तरी तो दाबतच होता. मला ते बघवेना.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "थंय पाठीमागे कोण नव्हता रे."

कागदावर आलं: अनफिट. तिथले डॉक्टर भले होते. समोर बसून, ओठ नीट हलवत त्याला म्हणाले, "हे यंत्राच्या आवाजानं झालेलं आहे. जुन्या कंपनीकडं भरपाई मागा. तो तुमचा हक्क आहे." सगुणदादाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

आम्ही जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबाने रजिस्टर काढून आमच्यापुढे उघडलं. प्रत्येक तपासणी, प्रत्येक पान: कान ठीक, कान ठीक, कान ठीक. "आमच्याकडे होते तेव्हा कान चांगले होते," साहेब म्हणाला. "नंतर गेले असतील. या नोंदी खोट्या आहेत असं कोण लिहून देणार?"

मीच देऊ शकत होतो. पण खोट्या नोंदी केल्या असं लिहून दिलं तर माझं कंत्राट पुढं कोण चालू ठेवणार? घरी दोन मुली शिकत होत्या. सगुणदादा ओठांवरून वाचणारा माणूस. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, आणि माझे ओठ हलले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर त्यानेच मला धीर दिला. "भिया नको. माजी नोकरी गेली, तुजी कित्याक घालवूची? मियाच सांगलंय ना तुका लिव म्हणान." मला वाटलं, याने मला एक थोबाडीत द्यावी. त्याने बिडी दिली.

पुढच्या महिन्यात तो बिऱ्हाड हलवून गावी निघाला. चार रात्री मला झोप नव्हती. मनाशी ठरवून मी डिचोलीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा दोडामार्गाची बस सुटायच्या बेतात होती. सगुणदादा शेवंतावहिनीशेजारी खिडकीपाशी बसला होता, काच बंद, मान पुढे. "सगुणदादा!" मी ओरडलो. "मी लिहून देतो! ऐकलंस? मी लिहून देतो!" सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. तो सोडून.

शेवंतावहिनीने मला बघितलं आणि त्याच्या पाठीला बोट लावलं. तो सावकाश वळला. काचेमागे त्याचे ओठ हलले, आसंय रे, हंयसर आसंय. मग तो माझ्या ओठांकडे बघू लागला. आता पुन्हा म्हणायचं होतं, फक्त तीन शब्द, आवाजसुद्धा नको. माझ्या ऑफिसातले दोघेजण चहाच्या गाड्याजवळ उभे राहून माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "सांभाळून जा."

त्याने ते वाचलं, मान हलवली, आणि बस गेली. रजिस्टरात त्याचे कान अजून ठीक आहेत. अक्षर माझं आहे.