पौडचे गळवाले चाचा

"पाय दाखवा."

दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ते पहिलं वाक्य हेच म्हणायचे. माणूस मासे धरायची काठी मागायला आलेला असायचा आणि हे काउंटरवरून वाकून त्याच्या पायांकडे बघायचे. पायांत चपला दिसल्या की मान हलायची. "ह्या चपलेवर काठावर जाणार? मग काठी नका घेऊ. मासा लागायच्या आधी तुमीच पडाल."

पौडच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. दोरखंड, शेतीच्या पंपाचे पाईप, ताडपत्र्या, आणि एका भिंतीला मासेमारीचं सामान. सगळे त्यांना चाचा म्हणत. तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल, जो विकायचं सोडून गिऱ्हाइकाला घरी परत पाठवतो. पण चाचांसारखा अस्वस्थ माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते दुकानात एका जागी दोन मिनिटं थांबत नसत. पाईप मोजता मोजता रस्त्यावर जाऊन आभाळ बघून यायचे, दोरी कापता कापता फोन बघायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तो डॉक्टरांमुळे. मी मारुंजीत राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. चाळिशीच्या आतच रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले की जिथं शांत बसावं लागेल असा काहीतरी छंद लावून घ्या. ऑफिसातला एकजण मुळशीला मासे धरायला जायचा, त्याचं ऐकून मी ऑनलाइन एक महागडी काठी मागवली आणि गळ घ्यायला पौडला थांबलो. म्हणजे शांत बसायला शिकायचं म्हणून मी अशा माणसाच्या दारात गेलो, ज्याला बसणं माहीतच नव्हतं.

त्यांनी माझे बूट पाहिले, ते पसंत पडले. काठी पाहिली, तिच्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मग पिशवी उघडायला लावली आणि एकेक वस्तू काउंटरवर मांडून घेतली, शाळेत दप्तर तपासतात तशी.

"पक्कड कुटं हाय?"

मी म्हटलं, पक्कड कशाला?

"गळ माशाला लागायच्या आधी माणसालाच लागतोय." त्यांनी एक गळ घेतला आणि त्याचं उलटं टोक, जे आत रुतलं की सुटत नाही, ते पकडीनं दाबून सपाट केलं. "आता बोटात घुसला तरी सरळ निघंल. मासा सुटला तर सुटू द्या. दवाखाना लांब हाय."

त्या दिवशी त्यांनी मला तासभर उभं केलं. जाड तंगूस, म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा दोरा, काढून ठेवला, बारीक दिला. चिलापी माशाला एवढा पुरतो म्हणाले. पिठाच्या गोळ्यांत हळद आणि थोडं तेल घालायचं, म्हणजे पाण्यात लवकर विरघळत नाहीत. पिण्याचं पाणी दोघांपुरतं न्यायचं, एकटं असलं तरी. कोरडे कपडे गाडीत ठेवायचे. काठावर उतरण्याआधी वस्तीत विचारायचं, कारण पाणी सरकारचं असलं तरी मासे कुणाच्या तरी ठेक्यातले असतात आणि वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. दुपारनंतर ताम्हिणीकडून वारा सुटतो, त्याच्या आत सामान आवरायचं. शेवटी एक शिट्टी आणि गडद निळी टोपी त्यांनी माझ्या पिशवीत घातली. टोपी कशाला निळी, तर लांबून ओळखू यावी म्हणून.

"आणि घरी पोचला की फोन करायचा. बायकोला न्हाई. मला."

मी हसलो. ते हसले नाहीत. नंबर दिला, आणि मी कुठल्या काठाला बसणार हे दोनदा विचारून घेतलं.

पुढं दोन वर्षं मी महिन्यातून दोनदा तरी जात राहिलो. जाताना दुकानात थांबायचं, परतल्यावर फोन करायचा. मासे फारसे मिळत नसत. मला बसणंही फारसं जमत नसे. दहा मिनिटं झाली की हात खिशातल्या फोनकडे जायचा, नेटवर्क नसलेल्या फोनकडेही. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला इचारू नका. मी जन्मात गळ टाकला न्हाई."

मला खरं वाटेना. चाळीस वर्षं गळ विकणारा माणूस! पण ते खरंच होतं. चाची आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या की हे जेवायलासुद्धा नीट बसत नाहीत, पाण्याकडेला कुठले बसणार. शनिवार-रविवार तर त्यांचा फार वाईट जायचा. सकाळी गेलेल्या गिऱ्हाइकांचे फोन येईपर्यंत ते दाराशी येरझारा घालायचे. एखाद्याचा आला नाही की स्वतः लावायचे. काहीजण वैतागायचे, एकानं तर त्यांचा नंबरच ब्लॉक केला होता. चाचा म्हणाले, "केला ना बंद? म्हंजे जिता हाय."

ही सगळी हकीकत सांगायची ती त्या मे महिन्यातल्या शनिवारासाठी. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. पाणी उतरलं की मागं गाळाचं मैदान उरतं. ऊन लागून वरून भेगाळतं, कोरडं ठणठणीत दिसतं. सकाळी चाचांनी मला तीनदा बजावलं. "वर भाकरी आन् खाली पिठलं. जनावराचा खूर उमटलेला असंल तितंच पाय टाकायचा. नसंल तर मागं फिरायचं."

मी नेहमीच्या काठाला गेलो. तिथं कुणीतरी तंबू ठोकून मोठ्यानं गाणी लावली होती. अर्धा तास चिडून बसलो आणि उठलो. दुपारी एक वाजताच मारुंजीला घरी पोचलो. त्या आठवड्यात रात्री-अपरात्री ऑफिसचे फोन येत होते, म्हणून मी फोनचा आवाज बंद केला, चार्जिंगला लावला आणि झोपलो. चाचांना फोन करायचा राहिला.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. फोनवर चाचांचे अकरा मिस्ड कॉल होते. मी लावला, कुणी उचलला नाही. उद्या करू म्हटलं. हे मला आजही लिहायला जड जातं, पण तेव्हा मी असंच म्हटलं, उद्या करू, आणि जेवायला बसलो.

सकाळी फोन चाचींनी उचलला. त्यांनी आधी मीच बोलतोय ना ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुमी घरी हाय न्हवं? बस. त्यांना तेवढंच सांगते." आणि मग हळूच दवाखान्याचं नाव सांगितलं.

झालं होतं ते असं. पाच वाजेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग शटर ओढलं आणि स्कूटर काढली. मी सांगितलेल्या काठाला पोचले तोवर तंबूवाले निघून गेले होते. काठ मोकळा होता. आणि लांब, गाळाच्या मैदानात, पाण्याच्या अगदी जवळ, काहीतरी निळं दिसलं. चाचांनी हाका मारल्या. मग ते त्या भेगाळलेल्या गाळावरून चालत निघाले. आजूबाजूला एकही खूर उमटलेला नव्हता, हे त्यांना दिसत होतं. नंतर त्यांनीच मला ते सांगितलं.

निळं होतं ते तेलाचं फुटकं कॅन. तिथवर ते पोचलेच नाहीत. पन्नासेक पावलांवर पापुद्रा फुटला आणि ते मांडीपर्यंत आत गेले. सुटण्यासाठी अंगाला पीळ दिला तसं खुब्याचं हाड मोडलं. म्हशी घेऊन परतणाऱ्या दोन बायकांना त्यांची हाक ऐकू आली. त्यांनी वस्तीवरून गोठ्याचं दार उचकटून आणलं, गाळावर आडवं टाकलं, आणि कासऱ्यानं त्यांना ओढून काढलं.

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. पाय वजन लावून बांधला होता. ते कुठंच हलू शकत नव्हते, फक्त हाताची बोटं चादरीवर सारखी चालत होती.

"कुटं होता?"

मी खरं सांगितलं. झोपलो होतो.

"झोपला होता," ते म्हणाले. "झोप लागत न्हाई म्हणत होता न्हवं? लागली म्हंजे बरं झालं."

त्यांची मुलगी बार्शीहून रातोरात आली होती. तिथं ती शिक्षिका आहे. ती मला बाहेर घेऊन गेली आणि आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही लोक सुट्टीची गंमत म्हणून येता. माझा बाप तुमच्या गमतीची राखण करतो. एक फोन होता, साहेब. एकच."

 

चाचींनी मात्र मला बाकावर बसवलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली. दुकान नवीन असताना शहरातून दोघे भाऊ आले होते. दुकानात गर्दी होती. त्यांनी विचारलं, अमक्या ठिकाणी उतरलं तर चालेल का? चाचा दोरी मोजत होते. मान वर न करता म्हणाले, जावा, काय न्हाई होत. संध्याकाळी त्यातला एकच परत आला, दुकानातच आला, सगळ्या अंगावर गाळ. "तवापासनं ह्यांच्या पायाला थारा न्हाई," चाची म्हणाल्या. "लोकास्नी वाटतं सवय हाय."

ऑपरेशन झालं. पावसाळाभर चाचा वॉकर धरून घरातल्या घरात फिरत होते. दुकान बंदच राहिलं. दिवाळीनंतर दोघांनी बार्शीला राहायला जायचं असं मुलीनं ठरवलं. मी दर रविवारी जात होतो. गळांची उलटी टोकं दाबून सपाट करायचं काम मी घेतलं. उरलेल्या मालाचे सगळे डबे त्यांनी मला करायला लावले. एकदा मीच म्हटलं, चाचा, जाण्याआधी एकदा तुम्ही गळ टाकायचा का?

मुलगी आधी नाही म्हणाली. मग तिनं अटी घातल्या: गाडी पाण्याजवळ जाते अशीच जागा, बसायला खुर्ची, आणि अकराच्या आत परत.

बार्शीला ते वर्षभर राहिले. तिथल्या कालव्याला मासा आहे का हे बघायला रोज जातो, असं फोनवर सांगायचे, आणि मागून मुलीचं रागावणं ऐकू यायचं. मागच्या थंडीत ते गेले. मुलीनं मला स्वतः फोन करून कळवलं, एवढंच माझ्या पदरात पडलं असं मी समजतो. पौडचं दुकान आता मोबाईलचं आहे. पण मला चाचा आठवतात ते, बार्शीला जाण्याआधी त्यांना कासारसाईच्या धरणावर नेलं, त्या सकाळचे.

पाऊस सरून गेला होता, पाणी गवतापर्यंत चढलं होतं. मी खुर्ची मांडली, काठी त्यांच्या हातात दिली. चाचा पाच मिनिटं बसले.

"हितं काय न्हाई. चला, जागा बदलू."

मी खुर्ची उचलली. पुढच्या जागी चार मिनिटं. ते वॉकर टेकत पुढं आणि मी खुर्ची, काठी, पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन मागं, असे आम्ही काठाकाठानं सरकत होतो. चौथ्या जागी तंगुसाला बांधलेला तरंगा बुडाला. त्यांनी काठी उचलली ती दोन्ही हातांनी, घमेलं उचलावं तशी, आणि तळहाताएवढी चिलापी गवतात येऊन पडली.

गळ मी काढला. मासा त्यांच्या ओंजळीत दिला. ते एकदम दचकले.

"ह्यो धडधडतोय," ते म्हणाले. ओंजळ घट्ट करावी की सैल, ते त्यांना कळत नव्हतं. "चाळीस वर्सं गळ विकला. ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई."

मासा निसटला, गवतात दोन उड्या मारून पाण्यात गेला. आम्ही दोघांनीही हात पुढं केला नाही. चाचा थोडा वेळ बसून राहिले. त्या दिवसातला तोच त्यांचा सगळ्यात लांब बसण्याचा वेळ होता. मग उठले, म्हणाले चला, आणि आणखी दोन जागा आम्ही बदलल्या. पुन्हा काही लागलं नाही. त्यांचं लक्षही काठीकडे नव्हतं. ते मधूनच तळहात नाकाशी नेत होते.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "हाताला वास किती टाइम ऱ्हातो?"

नाही धुतला तर संध्याकाळपर्यंत राहतो, मी म्हटलं.

चाचींनी माझ्याजवळ एक ओला रुमाल देऊन ठेवला होता, हात पुसायला. मी तो पुढं केला. त्यांनी घेतला, घडी न मोडता सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून पौड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.